किल्ली कोणाच्या कमरेला?

एकत्र कुटुंबांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस घरांतील वडील बाईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आठवत असेलच. कोठीची किल्ली, दागिन्यांच्या पेटीची किल्ली, खतपत्रांच्या संदुकीची किल्ली, अशा साऱ्या एका कडींत ओवलेल्या असत, आणि ती कडी रात्रीं उशाखालीं जाई. पेटी माजघरांत सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. तिचें कुलूपही बाजारांत मिळणारें साधेंच असे. तरीही त्या पेटीला धक्का लागत नसे. कारण घराची सुरक्षितता पेटींत नव्हती, कुलपांतही नव्हती. किल्ली कोणाजवळ आहे या एकाच गोष्टींत ती सांठविलेली होती. सुनेस ती कडी प्रथम सोंपविली जाई तो दिवस घराच्या इतिहासांत महत्त्वाचा मानला जाई.

आज त्याच घरांतील व्यवहार संगणकावरून चालतात. कराचीं विवरणपत्रें, कंपनीचे कागद, बँकेचे करार, परदेशीं गेलेल्या मुलींशीं होणारा पत्रव्यवहार, हें सर्व अदृश्य कुलपांनीं बंद होतें आणि अदृश्य किल्ल्यांनीं उघडतें. या नव्या किल्लीस शास्त्रांत 'खासगी किल्ली' असें नांव आहे. ती लोखंडाची नसून एका प्रचंड संख्येची बनलेली असते. ती किल्ली तिच्या धन्यानें स्वतःपाशीं ठेवावी, कीं सोयीसाठीं जाळ्याला जोडलेल्या दुसऱ्या कोणाच्या संगणकांत ठेवूं द्यावी, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे; परंतु हा प्रश्न माझ्या दारीं एका कुटुंबाच्या कलहाच्या रूपानें आला, म्हणून मला तो शिकावा लागला.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत दोघां भावांचा लहानसा कारखाना आहे. त्यांतील थोरला माझा जुना विद्यार्थी. चाकणच्या मोठ्या मोटार-कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्यांचें कांतकाम हे भाऊ करून देतात. दोघेही आपल्या कंपनीचे संचालक. त्यामुळें दोघांचीही डिजिटल स्वाक्षरी काढलेली. ही स्वाक्षरी बोटाएवढ्या एका डोंगलमध्यें असते. दोघांचीं डोंगलें कराचें काम पाहणाऱ्या सल्लागाराच्या कचेरींत, एकाच खणांत पडलेलीं असत, आणि प्रत्येकावर त्याचा गुप्त क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटविलेली असे. दर महिन्यास कोण हेलपाटे घालणार, हा त्यामागील साधा विचार.

इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत थोरला भाऊ साथीच्या आजारानें अतिदक्षता विभागांत होता. कामगारांचे पगार थकले होते. धाकट्यानें एका वित्तसंस्थेकडून कर्ज काढलें. कर्जपत्रावर दोघांच्या सह्या हव्या होत्या, त्या दोन्ही डोंगलांनीं झाल्या. थोरला बरा होऊन घरीं आला. परंतु ही गोष्ट त्याला कोणीं सांगितली नाहीं. पुढें हप्ता चुकला आणि जामीनदार म्हणून त्याच्या नांवें नोटीस आली तेव्हां त्याला ती कळली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मीं सही केलेलीच नाहीं." मीं धाकट्यासही बोलाविलें. तो खालीं मान घालून म्हणाला, "दादाच्या नाकाला नळ्या होत्या, सर. विचारणार तरी कोणाला? पैसा कारखान्यांतच गेला, माझ्या खिशांत एक रुपया गेला नाहीं." दोघेही खरेंच बोलत होते. चोर कोणीच नव्हता. तथापि त्या वर्षीं त्या घरांत दोन चुली झाल्या.

तेव्हांपासून मी विचार करूं लागलों कीं, येथें चूक नेमकी कोठें झाली? आपल्या पूर्वजांस हा विषय अगदींच अपरिचित नव्हता. कौटिल्यानें हेरांच्या निरोपांसाठीं संज्ञालिपीचा उपयोग सांगितला आहे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणजे सांकेतिक भाषणलेखनाची कला गणलेली आहे. पण गुप्तलेखनाचें खरें मर्म इ. स. १८८३ मध्यें ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच गृहस्थांनीं स्पष्टपणें मांडलें. ते फ्रान्समध्यें भाषा शिकवीत, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, कुलपाची सारी रचना शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावयाची ती एकटी किल्ली. माजघरांतील पेटीचा न्याय तो हाच.

आपल्या इतिहासांतही याचा दाखला आहे. पेशवाईचीं शिक्केकट्यार ज्याच्या हातीं, कारभार त्याच्या हातीं. सवाई माधवराव इ. स. १७७४ च्या एप्रिलमध्यें पुरंदरावर जन्मले आणि अवघ्या कांहीं आठवड्यांचे असतां त्यांच्या नांवें पेशवाईचीं वस्त्रें आलीं. पाळण्यांतील बाळाच्या नांवें पत्रें सुटत होतीं, तह होत होते. नांव बाळाचें, हात कारभाऱ्यांचा. तेव्हां कारभारी कर्ते होते म्हणून राज्य राखलें गेलें. परंतु नांव एकाचें आणि हात दुसऱ्याचा ही व्यवस्था मुळांतच नाजूक असते.

आतां या नव्या किल्लीची घडण पाहूं. साध्या कुलपास एकच किल्ली लागते. तीच लावते, तीच उघडते. इ. स. १९७६ मध्यें डिफी आणि हेलमन या अमेरिकेंतील दोघां संशोधकांनीं जोडकिल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनीं ती गणितानें साकार केली. एका किल्लीनें लावलेलें कुलूप तिच्या जोडीच्या दुसऱ्याच किल्लीनें उघडतें. त्यांतील एक जगजाहीर करावयाची. तिला सार्वजनिक किल्ली म्हणतात. दुसरी ती खासगी. मला गुप्त पत्र धाडावयाचें तर तुम्ही माझ्या सार्वजनिक किल्लीनें तें बंद करा. उघडणार तें फक्त माझ्या खासगी किल्लीनें. उलट, मी खासगी किल्लीनें लेखावर जी मुद्रा उमटवीन ती माझीच आहे कीं नाहीं हें कोणीही माझ्या सार्वजनिक किल्लीनें पडताळून पाहूं शकतो. हीच डिजिटल स्वाक्षरी. हल्लीं नेहमीच्या वापरांतील २०४८ द्विमान अंकांची संख्या दशमान पद्धतीनें लिहावयाची तर ६१७ अंक लिहावे लागतात. तिचे मूळ अवयव शोधून किल्ली हुडकून काढणें आजच्या संगणकांच्या आवांक्याबाहेर आहे. म्हणून चोर गणिताच्या वाटेस जातच नाहीं. तो किल्ली कोठें टांगली आहे तेवढेंच पाहतो.

कायद्यानेंही हें ओळखलें आहे. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा इ. स. २००० चा. त्याच्या ४२ व्या कलमानें खासगी किल्लीचा ताबा स्वतःपाशीं राखण्याची वाजवी काळजी घेणें हें तिच्या धन्याचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातीं गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विलंब न लावतां कळविण्यास सांगितलें आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीनें वापरणारास ६६ 'क' या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. डोंगलची रचनाही याच धोरणाची आहे. किल्ली त्याच्या पोटांतच जन्मते आणि तिची प्रत बाहेर काढतां येत नाहीं. सही करावयाचा मजकूर आंत जातो आणि मुद्रा उमटून बाहेर येतो. इतकी उत्तम पेटी करून द्यावी आणि आम्हीं तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून ती परक्या खणांत टाकावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

परंतु दुसरी बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. किल्ली दुसऱ्याच्या संगणकांत ठेवण्यास लोक उगाच प्रवृत्त होत नाहींत. डोंगल हरवतें. मोबाइल पाण्यांत पडतो. मनुष्य पुण्यास असतो आणि काम चाकणला अडतें. त्याहून कठीण प्रसंग मृत्यूचा. घरचा कर्ता पुरुष अचानक गेला आणि त्याच्या कुलूपबंद कागदांची किल्ली कोणासच ठाऊक नसली, तर ते कागद कायमचेच गेले. अशा वेळीं एखाद्या कंपनीनें म्हटलें कीं, "तुमची किल्ली आमच्या सर्व्हरवर ठेवा, तुम्ही कोठेंही असा, आम्ही ती सांभाळूं," तर तें बोलणें गोड वाटल्यास नवल नाहीं.

मग धोका तो कोणता? पहिला धोका सांभाळणाराच्या नियतीचा. पण तो सोडून देऊं. सांभाळणारा हरिश्चंद्राचा अवतार आहे असें धरलें तरी दुसरा धोका उरतोच. जाळ्याला जोडलेला संगणक हा चहूं बाजूंनीं रस्ते आलेला किल्ला आहे. चाकणच्या वाचकांस संग्रामदुर्गाची कथा सांगणें नको. इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें तो चिमुकला भुईकोट आठवडेच्या आठवडे लढविला. दरवाजे फुटले नाहींत. शेवटीं मोंगलांनीं बुरुजाखालीं भुयार खणून सुरुंग उडविला तेव्हां तो पडला. इ. स. २०१४ च्या एप्रिलमध्यें संगणकांच्या जगांत असेंच एक भुयार उघडकीस आलें. त्याला 'हार्टब्लीड' असें नांव पडलें. असंख्य सर्व्हरांवर वापरल्या जाणाऱ्या 'ओपनएसएसएल' या कूटलेखनाच्या साधनांत एक चूक राहून गेली होती. तिच्या योगें कोणीही दुरून त्या संगणकाच्या स्मृतीचा चौसष्ट किलोबाइटांपर्यंतचा तुकडा वारंवार वाचूं शकत होता, आणि त्या स्मृतींतून सर्व्हरची खासगी किल्लीही मिळवितां येते हें प्रत्यक्ष करून दाखविलें गेलें. दारावरील पहारा जागाच होता. गेली ती किल्ली खालून गेली. एका घरची पेटी फुटली तर एक घर लुटलें जातें. पण लक्षावधि लोकांच्या किल्ल्या एका खोलींत टांगल्या असल्या तर ती खोली फोडण्यासाठीं चोर वर्षभर खणावयास तयार होतो.

यावर तज्ज्ञांनीं जे उपाय काढले त्यांतील मुख्य असे आहेत. पहिला उपाय म्हणजे किल्ली धन्याच्या परवलीच्या शब्दानें बंद करून मगच सर्व्हरवर ठेवावी, म्हणजे सांभाळणारासही ती उघडतां येऊं नये. हा उपाय चांगला. पण त्याचें बळ परवलीच्या शब्दाएवढेंच. बंद पुडकें एकदां चोराच्या हातीं पडलें कीं तो तें घरीं नेऊन निवांतपणें लाखों शब्द लावून पाहूं शकतो. इ. स. २०२२ मध्यें 'लास्टपास' या परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचीं अशीं बंद पुडकीं चोरांनीं उचलून नेलीं. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा होता त्यांचें कुलूप त्या दिवसापासून चोराच्या सवडीवर राहिलें.

दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरशेजारीं एक निराळें बंदिस्त यंत्र ठेवणें. त्याला 'एचएसएम' म्हणतात. किल्ल्या त्याच्या पोटांत राहतात. सर्व्हरनें मजकूर द्यावा, यंत्रानें मुद्रा उमटवून परत द्यावा; किल्ली बाहेर येत नाहीं, आणि यंत्राशीं झोंबाझोंबी झाल्यास तें आंतील किल्ल्या पुसून टाकतें. आपल्या देशांत इ. स. २०१५ पासून आधारवर आधारलेली 'ई-साइन' सेवा सुरू झाली ती याच तत्त्वावर. पुण्यांत मुख्यालय असलेली, इ. स. १९८८ मध्यें स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संस्थाही 'ई-हस्ताक्षर' या नांवानें ती देते. तिच्यांत मौज अशी कीं, तुमची किल्ली त्या यंत्रांत सहीच्या क्षणीं जन्मते, एकच सही करते आणि लागलीच नष्ट केली जाते. जी वस्तु सांठविलीच नाहीं ती चोरणार कोण? तथापि हें विसरतां नये कीं येथें ओळख पटते ती मोबाइलवर आलेल्या ओटीपीनें. म्हणजे किल्ली डोंगलमधून निघून मोबाइलमध्यें येऊन बसली. जो ओटीपी दुसऱ्यास सांगतो तो किल्लीच देऊन टाकतो.

किल्ली शत्रूच्या हातीं असणें म्हणजे काय हें आमच्याच शहरानें ऐकलें आहे. इ. स. २०२१ च्या फेब्रुवारी-अखेरीस पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरांवर हल्ला होऊन त्यांतील माहिती कूटबद्ध केली गेली आणि ती सोडविण्यासाठीं बिटकॉइनच्या रूपांत खंडणी मागितली गेली, अशी फिर्याद मार्च महिन्यांत निगडी पोलीस ठाण्यांत नोंदविण्यांत आली. अशा हल्ल्यांत चोर पेटी उचलून नेत नाहीं. तो तुमच्याच पेटीला तुमच्याच घरांत आपलें कुलूप घालतो आणि किल्ली घेऊन निघून जातो. ज्या गणितानें आपलें रक्षण होतें त्याच गणितानें आपली कोंडीही होते. भेद एवढाच कीं खासगी किल्ली कोणाजवळ आहे.

तिसरा उपाय किल्ल्या अनेकांत वांटण्याचा. बँकेच्या लॉकरला एक किल्ली बँकेची व एक ग्राहकाची लागते; देवस्थानच्या तिजोरीची कुलपें दोघांतिघां विश्वस्तांकडे असतात. हाही उपाय उत्तम, परंतु तो डोळसपणा मागतो. मुंबईच्या 'वझीरएक्स' या आभासी चलनाच्या पेढीची एक तिजोरी अशीच अनेक सह्यांची होती. इ. स. २०२४ च्या जुलैच्या १८ तारखेस तींतून सुमारें २३ कोटी डॉलर किंमतीचें चलन गेलें. पेढीनें दिलेल्या माहितीप्रमाणें सही करणारांस पडद्यावर दिसलें एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. किल्ल्या ज्याच्या त्याच्या हातीं होत्या, तरी तिजोरी रिकामी झाली. तात्पर्य, कशावर मुद्रा उमटते आहे हें जाणण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्रावर टाकतां येत नाहीं.

आतां गृहस्थाश्रमी वाचकांस उपयोगी पडेल असा निष्कर्ष सांगतों. खासगी किल्लीचीं दोन कामें भिन्न आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. एक कुलूप उघडण्याचें, दुसरें सही करण्याचें. कुलूप उघडणारी किल्ली हरवली तर ठेवा कायमचा जातो. म्हणून तिची एक प्रत लाखबंद पाकिटांत, घरच्या विश्वासू माणसास ठाऊक अशा जागीं अवश्य ठेवावी. व्हॉट्सॲपच्या सांठवणीला कुलूप घालण्याची सोय इ. स. २०२१ पासून आहे. तिच्या चौसष्ट अंकी किल्लीची अशी प्रत असली म्हणजे फोन बुडाला तरी पत्रें व छायाचित्रें बुडत नाहींत. सही करणाऱ्या किल्लीचें मात्र उलट. ती हरवली तर कांहीं बुडत नाहीं. जुन्या सह्या खऱ्याच राहतात आणि नवी किल्ली करून घेतां येते. म्हणून तिची प्रत कोठेंच असूं नये, सर्व्हरवर नसावी, खणांत नसावी, भावाच्या खिशांतही नसावी.

मग कामें अडतील, असें कोणी म्हणेल. त्यावर उत्तर असें कीं, अधिकार द्यावा, शिक्का देऊं नये. जीएसटीच्या कामासाठीं कंपनीस दुसऱ्या मनुष्याची अधिकृत सहीदार म्हणून रीतसर नेमणूक करतां येते. त्यानें आपल्या नांवानें, आपल्या किल्लीनें सही करावी. मग कोणतें काम कोणीं केलें हें पुढें वादाचें राहत नाहीं, आणि विश्वासास परीक्षा द्यावी लागत नाहीं. सल्लागाराकडे डोंगल न्यावेंच लागलें तर स्वतः बरोबर बसावें, काम झाल्यावर परत आणावें; आणि चिठ्ठीवरील क्रमांक आजच बदलावा. डोंगल हरवल्यास उद्यांवर न टाकतां प्रमाणपत्र रद्द करवावें. मृत्युपत्रास डिजिटल स्वाक्षरी कायद्यानें चालत नाहीं. तें कागदावरच, साक्षीदारांसमक्ष करावें.

त्या दोघां भावांचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. आम्हीं चार वडील मंडळींनीं बसून हिशेब पाहिला. धाकट्यानें माफी मागितली, थोरल्यानें कर्ज आपलें मानलें आणि दोघांनीं मिळून तें फेडलें. आतां प्रत्येकाचें डोंगल ज्याच्या त्याच्या घरीं कपाटांत असतें. गेल्या गणेशोत्सवांत थोरल्याची पत्नी मला म्हणाली, "सर, आमच्या सासूबाईंनीं कमरेची किल्ली कधीं शेजारणीजवळ ठेवली नव्हती. आम्हीं शिकलेल्यांनीं ठेवली." आरतीला दोन्ही घरें एकत्र होतीं. चूल मात्र अद्याप एक झालेली नाहीं.